खुर्चीतली बहीण

"खोटं बोलू नकोस. सख्खी बहीण समोर बसलेली, आणि तुला कळलं नाही?" आईने पुन्हा विचारलं, आणि थोरलीने पुन्हा तेच सांगितलं. नाही कळलं.

धाकटी परवा थोरलीच्या पार्लरमध्ये येऊन भुवया करून गेली. एक शब्द न बोलता, नुसतं भुवईवर बोट ठेवून. घरी जाऊन आईला फोन केला आणि रड रड रडली.

हे पार्लर म्हणजे घराची बाहेरची खोली. थोरली खुर्चीच्या मागे उभी राहते. बाई मागे रेलते, डोळे मिटते, बोटांनी भुवईची कातडी ताणून धरते. थोरलीला दिसतो तो उलटा चेहरा. वर हनुवटी, खाली कपाळ, मध्ये बोटं. त्यातलीही ती भुवईच बघते. बाजारात कुणी ओळखीचं हसलं, तर आधी भुवया आठवतात, मग नाव.

"बरंय, मी भुवया करून घेत नाही," थोरलीचा नवरा म्हणाला. "मलाही ओळखलं नसतं हिने."

बाबांच्या आजारपणात धाकटी आली नाही. तेव्हा थोरलीच सगळ्यांदेखत म्हणाली होती, पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्याला वर्षं लोटली. धाकटी आता अंगाने भरलीय, केस कापलेत.

"दाखवलं तिने तोंड," आई म्हणाली. "तू बघितलंस का?"

मग तिने फोनवरची शेवटची गोष्ट सांगितली. दोऱ्याने धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा थोरलीने म्हणे हळूच फुंकर घातली. "सगळ्या गिऱ्हाइकांना घालतेस?"

कुणालाच घालत नाही. कापूस लावते आणि दुसरी भुवई घेते. लहानपणी धाकटीच्या डोळ्यात काही गेलं की अशी फुंकर घालायची. परवाही घातली, हे तिला आत्ता आठवलं. घालताना डोक्यात एवढंच होतं की आत दूध तापत ठेवलंय. तिच्या आत कुणीतरी बहिणीला ओळखलं होतं, आणि तिलाच कळवलं नव्हतं. ती बाई उठल्यावर आरशासमोर जरा जास्तच रेंगाळली होती. थोरली दोरा तोडत होती. तेव्हा मान वर केली असती तर.

"म्हणजे ओळखलंस," आई म्हणाली. "तिला तसंच सांग. विसरली नाहीस, एवढं तरी कळेल."

"आणि ओळखून गप्प बसले, हेही कळेल."

थोरली उठली.

"उद्या पार्लर बंद," थोरली म्हणाली. "मी तिच्याकडे जातेय. ओळखलं नाही, असंच सांगणार. आई, तू येऊ नकोस."