गाडी बिघडते तिथं जाऊन बसणारा माणूस

किसनदादांचा फोन आला तेव्हा मी सुरतेजवळ पलसाण्याला आमच्या मिलच्या गेटवर उभा राहून माल भरून घेत होतो. किसनदादा आमच्या ट्रकचे जुने ड्रायव्हर. आता निवृत्त होऊन बीडकडे आपल्या गावी असतात. "भाऊ, सुपडूभाऊंना फोन लावला होता," ते म्हणाले, "पोरीनं उचलला... सकाळीच गेले म्हणती." सुपडूचं दुकान माझ्या मिलपासून अर्ध्या तासावर, आणि त्याच्या जाण्याची बातमी मला मराठवाड्यातून कळावी! पण त्यात नवल नव्हतं. किसनदादा दर आठवड्याला सुपडूला फोन करायचे. का करायचे, ते मला ठाऊक होतं.

सुपडू आणि मी अमळनेर तालुक्यातल्या एकाच गावचे. सुरतेला आलो तेही एकत्र, आणि डिंडोलीत एका खोलीत राहून दोघांनी लूमवर काम केलं. मी हळूहळू माल पाठवण्याच्या कामात शिरलो आणि पलसाण्याच्या रंगाईच्या मिलमध्ये सुपरवायझर झालो. सुपडूचा जीव मात्र तारांत. लूमची मोटर बंद पडली की मिस्त्री येईपर्यंत हा तिच्याजवळ उकिडवा बसून राहायचा. पुढं पांडेसऱ्यात एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे त्यानं काम शिकून घेतलं आणि काही वर्षांनी तिथंच एका शटरचं स्वतःचं दुकान टाकलं. शाळा सातवीपर्यंतची. पण ट्रकच्या वायरिंगचा नकाशा तो डोळे मिटून सांगायचा. त्याच्या दुकानाबाहेर भावनगर-राजकोटच्या गाड्याही उभ्या असायच्या, आणि मी तिथून जाताना सोबतच्या माणसाला मुद्दाम सांगायचो, "हा आपला गाववाला."

मिलचा एक ट्रक बराच जुना होता. किसनदादा तो जपून चालवायचे. एका वर्षी त्या ट्रकला खोड लागली. सोमवारी सकाळी सेल्फ मारावा तर नुसतं टक् व्हायचं. दोन्ही बॅटऱ्या पार उतरलेल्या. ढकलून गाडी चालू केली की पुढचे सहा दिवस काही तक्रार नाही. बॅटऱ्या बदलल्या, त्या चार्ज करणारा अल्टरनेटर तपासला, तरी पुढचा सोमवार तसाच. माल बाजारात उशिरा पोचायला लागला. शेठ चिडले, आणि मी त्यांना सांगून मोकळा झालो की ड्रायव्हर शनिवारी केबिनचा दिवा नाहीतर टेप चालू ठेवून जातो. मी हे पाहिलेलं नव्हतं. सोपं उत्तर होतं, म्हणून दिलं. शेठ म्हणाले, महिना संपला की दुसरा माणूस बघा. किसनदादांनी मला एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही बघितलं का मला दिवा चालू ठेवताना?" मी कागदांत डोकं घातलं.

शेवटचा उपाय म्हणून ट्रक सुपडूकडे पाठवला. त्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये एक लहान बल्ब जोडला. सगळं बंद असताना वीज कुठंतरी जात असेल तर तो बल्ब पेटतो. बल्ब पेटला नाही. दुसरा कुणी असता तर ड्रायव्हरवरच शिक्का मारून मोकळा झाला असता. सुपडूनं मला फोन केला. "शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ गाडी कुठं असते?"

"मिलमध्ये. बॉयलरच्या मागं."

"मग मी रविवारी येतो. गाडी आजारी पडते तिथंच तिला बघायला पाहिजे."

रविवारी कापड बाजार बंद, म्हणून ट्रक उभा. मिल मात्र चालूच असते. सुपडू सकाळी डबा घेऊन आला, बल्ब जोडला आणि ट्रकच्या सावलीत पोतं टाकून बसला. जवळच्या पाइपातून वाफ सुटत होती. तासाभरानं मी डोकावलो, बल्ब काळाच. "चल, जेवायला जाऊ," म्हणालो, तर त्यानं डबा दाखवला. दुपार कलली तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं. बल्ब पेटला होता. अगदी मंद, पण पेटला होता. त्यानं एकेक फ्यूज काढला. सगळे काढून झाले तरी बल्ब तसाच. "म्हणजे फ्यूजला बगल देऊन कुणीतरी सरळ बॅटरीवरून लाइन घेतलीय," असं म्हणत तो ट्रकखाली सरपटत गेला. हातानं चाचपत, चासीच्या लोखंडी सांगाड्याच्या कडेनं मागपर्यंत. बराच वेळ फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. मग त्याचा आवाज आला, "सापडलं."

मागच्या बाजूला एका वायरीचं तुटकं टोक कोपऱ्यात कोंबलेलं होतं. त्यावरची टेप सुटली होती आणि भोवती कापडाच्या तंतूंचा गोळा साठला होता. त्या गोळ्यात रंगाईच्या पाण्याचं मीठ मुरलेलं. दिवसभर वाफ लागली की तो ओला व्हायचा आणि त्यातून वीज चासीत उतरत राहायची. आठवडाभर गाडी रस्त्यावर धावली की वाळून जायचा. म्हणून पांडेसऱ्यात काही सापडलं नव्हतं.

"ही वायर कोनी तोडी व्हती?" सुपडूनं अहिराणीत विचारलं. आम्ही दोघंच असलो की तो मधूनच घरच्या बोलीवर यायचा.

दिवाळीच्या गर्दीत माल भरायला उजेड हवा म्हणून मागं दिवा बसवून घेतला होता मी. नंतर तो फुटला तेव्हा "तोडा आणि टेप मारा" असं सांगणाराही मीच. मी त्याला सगळं सांगितलं. सुपडू हात पुसत राहिला. रागावला नाही, हसलाही नाही. "मग तूच जाईसन सांग त्याले," म्हणाला. म्हणजे मीच जाऊन किसनदादांना सांगायचं. "आणि सगळ्यांसमोर सांग. नाव सगळ्यांसमोर गेलंय त्यांचं."

सोमवारी पहिल्या सेल्फला ट्रक चालू झाला. हमाल, वॉचमन सगळे होते. मी इंजिन बंद करायला लावलं आणि चूक माझी होती हे सांगितलं. आधी मराठीत, मग शेठ आले तेव्हा गुजरातीत. एवढं अवघड वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन. किसनदादांनी खाली उतरून माझं ऐकून घेतलं. "बरं झालं, भाऊ," म्हणाले, "गाडीचं कळलं एकदाचं." त्या दिवसापासून मी त्यांचा साहेब राहिलो नाही, भाऊ झालो. निवृत्त होईपर्यंत तेच त्या ट्रकवर होते. आणि मला त्या दिवशी लाज वाटली हे खरं, पण त्याहून मोठा अभिमान वाटला, की मला असं तोंडावर सांगणारा माणूस माझा मित्र आहे.

दिवस-कार्य झाल्यावर परवा मी दुकानात गेलो. सुपडूच्या पोरीनं, वैशालीनं, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. गेली तीन वर्षं ती वडिलांसोबत काम करत होती, आता दुकान तिच्याकडे आहे. ती एका ट्रकखाली होती, म्हणून मी आत खुर्ची ओढून बसलो. आजवर मी नेहमी बाहेर बाकावरच बसलेलो, त्यामुळं स्विचबोर्डाच्या बाजूची भिंत कधी नीट पाहिली नव्हती. ती खालपासून वरपर्यंत सुपडूच्या अक्षरांनी भरली होती. अवघड गेलेली प्रत्येक गाडी त्यानं पेन्सिलीनं तिथं नोंदवून ठेवली होती. गाडीचा नंबर, दोष, आणि शेवटी ड्रायव्हरचं नाव. मालकाचं नाव कुठंच नाही. आमचा नंबर शोधायला वेळ लागला. 'मागची जुनी वायर, ओल. गाडी ठीक. किसनदादा ठीक.' वायर कुणी तोडली ते त्यानं लिहिलं नव्हतं...

मी त्या ओळीपाशीच होतो. वैशाली हात पुसत आत आली, पेन्सिल घेतली आणि सर्वांत खाली एक ओळ लिहायला लागली. ती शाळा इथंच शिकली, म्हणून ओळ गुजरातीत. मी वाचू लागलो. नंबर, दोष... आता राहिलं होतं बाहेर बाकावर चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरचं नाव. तिनं ते त्याला आत बोलावून, नीट विचारून लिहिलं.