पार्बताबाईनं भारद्वाज हाकलला

अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी, घरामागच्या मळ्यात पार्बताबाई भाजीपाला पिकवायची. अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. आगगाडी अजून अकोल्याला पोचली नव्हती; कापूस बैलगाड्यांतून दूर रुळांपर्यंत न्यावा लागे. मजुरी चांगली मिळते म्हणून तिचा नवरा सहदेव मोटेचे बैल गाडीला जुंपून निघाला. होळीपर्यंत येतो म्हणाला होता. होळी झाली, पाडवा तोंडावर आला, तरी त्याचा पत्ता नव्हता. त्यात त्याच वाटेवर पटकीची साथ पसरल्याचं बाजारात कानावर आलं.

बैल नसल्यानं पार्बता घागरीनं वाफे भिजवायची. एका सकाळी वांग्याच्या झाडात तिला शिंपी पक्ष्याचं घरटं दिसलं. अंगठ्याएवढ्या त्या जीवानं दोन पानं टाचून पिशवी शिवली होती, तीही गाड्यांमधून उडालेल्या कापसानं. आत पिल्लं होती. जाता-येता ती तिथं थांबू लागली. नर-मादी चोचीत अळ्या घेऊन येत. त्यातलं एखादं परतायला उशीर करी, तेव्हा ही घागर खाली ठेवून वाट पाही.

एके दिवशी कुंपणावर भारद्वाज उतरला. तांबडे पंख, लालभडक डोळे. सासू मनकर्णा ओसरीवरूनच हात जोडत म्हणाली, "पाह्य वं पोरी! भारद्वाज दिसला. आता सहदेव येते घरी!"

पार्बताचेही हात जुळले. पण पक्षी खाली उतरला आणि पाय टाकत थेट वांग्यांकडं निघाला. शिंपी जिवाच्या आकांतानं ओरडू लागले. तिच्या लक्षात आलं, हा पिल्लांवर आला आहे. क्षणभर ती जागची हलली नाही. नवऱ्याच्या येण्याचा शकुन कसा हाकलावा? मग तिनं ढेकूळ उचलून भिरकावलं. भारद्वाज फडफडत नदीकडं गेला.

"काहून हाकललं त्याले?" सासू कडाडली. "माह्या पोराचा शकुन होता थो!"

"आत्याबाई, पिल्लं खाल्ली असती त्यानं."

"माह्या पोरापेक्षा पिल्लं मोठी झाली तुले?"

त्यानंतर पार्बताला अन्न गोड लागेना. आपल्याच हातानं काही अभद्र तर झालं नाही ना, या धास्तीनं ती प्रत्येक गाडीच्या घुंगरांवर दाराशी धावे. सासू बोलेनाशी झाली. पिल्लं पानातून बाहेर पडून मळ्यातल्या कडुलिंबाच्या फांदीवर जाऊन बसली, तेही तिनं धड पाहिलं नाही.

पाडव्यानंतर सहदेवची गाडी आली. हाकणारा मात्र त्याचा सोबती देवीदास होता. पार्बता धावत गाडीला आडवी गेली.

"वयनी, घाबरू नका," तो घाईनं म्हणाला. "जिता हाये थो. बाळापुरात धरमशाळेत पडून हाये. पटकीतून वाचला, पन उठता येत नाही. तुमाले बलावलं."

ती तशीच गाडीत चढली. मनकर्णानं मुकाट्यानं घोंगडी आणि भाकरीचं गाठोडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं सहदेवला घरी आणलं तेव्हा तो नुसता हाडांचा सापळा होता. कापसाच्या गाडीवर तो पुन्हा कधी गेला नाही. हळूहळू काठी टेकत मळ्यात येऊ लागला, लिंबाखाली झोपू लागला. तो झोपला की पार्बता खुरपं टाकून जवळ जायची आणि त्याची छाती हलताना दिसेपर्यंत तिथंच उभी राहायची.