गिटारवरची सही

सिग्नेचर मॉडेल म्हणजे काय, हे मुलीने मला समजावून सांगितले तेव्हा मी पोहे खात होतो, आणि ठसका लागला. एखादा जगप्रसिद्ध गिटारवादक कंपनीशी करार करतो, कंपनी त्याच्या पसंतीची इलेक्ट्रिक गिटार बनवते, तिच्या माथ्यावर त्याची सही उमटवते आणि साध्या गिटारच्या दुप्पट किमतीला विकते.

"म्हणजे सही त्याने स्वतः केलेली नसते?"

"बाबा, हजारो पीस असतात. तो कुठे एकेकावर सही करत बसणार?"

"रेशनकार्डावर तहसीलदाराची सही असायची. ती निदान शाईची होती."

ती हसली नाही. खराडीत मोठ्या हुद्द्यावर काम करते, चाळिशी उलटली आहे, आणि कधी हसायचे नाही हे तिला माझ्याकडूनच कळलेले आहे. त्या महिन्यात ती जेवतानाही फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि त्यात कुणी दाढीवाला तिच्या मनात भरलेल्या अशाच एका गिटारचे गुण सांगत असायचा. घ्यावी की न घ्यावी यावर त्याचा तासभर खल चाले. तेवढ्या वेळात माणूस एक गाणे बसवून मोकळा झाला असता.

आमच्या सोसायटीत गिटार नाही असे घर शोधावे लागेल, आणि गिटार वाजते असे घर शोधून सापडणार नाही. पूर्वी शिकारी लोक भिंतीवर हरणाची शिंगे लावत, तशी ही मंडळी गिटार लावतात. येणाऱ्याने पाहायची आणि "अरे वा, वाजवता?" असे विचारायचे. मग यजमानाने "पूर्वी वाजवायचो, आता वेळ कुठे मिळतो" म्हणायचे, की पाहुणचार संपला.

आमच्या दिवाणखान्यातही एक टांगलेली आहे. माझी. तिच्यावरही सही आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सहीची गोष्ट सांगितली जाते. मी गेल्यावरही सांगितली जाईल, म्हणून हे लिहितो आहे.

तरुणपणी मी दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात असे. येरवड्यात पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत आमची तालीम चाले. घरी जाताना वाद्ये आणि केस, दोन्ही झाडून घ्यावे लागत. आज लोक त्या ऑर्केस्ट्रांबद्दल गहिवरून बोलतात. त्यांनी आम्हाला ऐकलेले नसावे. आमच्या स्टेजवर प्रत्येक जण कुणाची तरी नक्कल होता. आमचा गायक मुंबईच्या एका गायकाचा "पुण्यातला आवाज", गायिका दुसऱ्या एका गायिकेची "हुबेहूब छाया". ढोलकीवाल्याचे नुसते नाव घेत नसत, तर त्याने कुणा बड्या वादकाचा गंडा बांधल्याचे जाहीर व्हायचे. निवेदक ही बिरुदे लावून एकेकाला पुढे बोलवी आणि टाळ्या पडत. माझ्यापाशी आला की म्हणे, "आणि गिटारवर आमचे मित्र." पुढे काही नाही. कारण मी कुणाचाच कुणी नव्हतो.

एकदा चित्रपटसृष्टीतले एक नामांकित गिटारवादक पुण्यात कार्यक्रमाला आले. मी माझी गिटार घेऊन थिएटरच्या मागच्या दाराशी उभा राहिलो, त्यांनी तिच्यावर सही करावी म्हणून. ते बाहेर आले, माझ्या बाजूने पुढे होऊन गाडीत बसले आणि गेले. त्यांची काही चूक नव्हती. दारात गिटार धरून उभ्या असलेल्या माणसासाठी मीही थांबलो नसतो.

दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो तेव्हा गिटारवर सही होती. घरी बसून मीच केली होती, जाड काळ्या पेनाने, ऐटबाज वळणे देऊन. त्यांची खरी सही कशी असते हे मला माहीत नव्हते आणि इतर कुणालाही नव्हते. पुढच्या कार्यक्रमात निवेदकाने सांगितले, "ज्यांच्या गिटारवर साक्षात त्यांनी स्वहस्ते सही केली, असे आमचे मित्र!" टाळ्या पडल्या. माझे वादन आदल्या आठवड्याइतकेच सुमार होते, पण लोकांना ते अचानक ऐकू येऊ लागले.

इथपर्यंत ही एका लबाड माणसाची गोष्ट आहे, आणि अशा लबाडीवर पुण्यात पुष्कळांची कारकीर्द उभी आहे. पुढचे तसे नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे गिटारची पूजा होई. मुलगी लहान, शाळेत जाणारी. एका वर्षी हळदीकुंकू वाहण्याचा मान तिने हट्टाने मागून घेतला. कुंकू जरा ओले झाले, ओघळ सहीवर आला. तिने तो फ्रॉकच्या टोकाने पुसला आणि त्याबरोबर अर्धी सही गेली.

घरात तेव्हा पाहुणे होते, आमचा निवेदकही होता. मी काय करायला हवे होते? काहीच नाही. पण लोकांसमोर मला दुःख दाखवणे भाग होते, आणि मी ते इतके उत्तम दाखवले की स्टेजवर कधी तितके जमले नव्हते. "एवढ्या मोठ्या माणसाची सही! परत मिळणार आहे का आता?" असे ओरडून मी तिच्या हातावर फटका मारला. ती म्हणाली, "बाबा, मी त्यांना पत्र लिहून सॉरी म्हणू?" निवेदकाच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या आले नाही.

पाहुणे गेल्यावर मी सही पुन्हा केली. राहिलेल्या खुणांवरून गिरवली, असे घरात सांगितले आणि वर लाखेचा हात दिला. मुलीला ताकीद दिली की पुन्हा गिटारला हात लावायचा नाही. तिने लावला नाही. मी वाजवायला बसलो की ती दाराच्या चौकटीशी उभी राहून माझ्या बोटांकडे बघायची. शिकवा, असे तिने कधी म्हटले नाही आणि मीही विचारले नाही. माझी बायको गेली, ती सही खरी असल्याच्याच समजुतीत.

तर या सगळ्यानंतर मी मुलीबरोबर गिटारच्या दुकानात उभा होतो. विक्रेत्याने केसांचा बुचडा बांधला होता. त्याने ती सिग्नेचर गिटार मखमली पेटीतून काढली. सोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्र होते. लग्नाचे प्रमाणपत्र आम्ही काढले नव्हते, पण गिटारचे निघते.

"सर, ही नुसती गिटार नाही. लेगसी आहे."

"तारा लेगसीबरोबर येतात, की वेगळ्या घ्यायच्या?"

"बाबा!" मुलीने मला दटावले आणि त्याच्याकडे वळून हसत म्हणाली, "यांचं मनावर घेऊ नका. लहानपणी मी यांच्या गिटारवरची सही पुसून टाकली होती. एका मोठ्या माणसाची. त्यामुळे सहीचा विषय निघाला की हे असे होतात." मग हळूच मला म्हणाली, "ही आपल्या दोघांसाठी घेतेय. तुमची एक सही मी देणं लागते."

तिचा हात गिटारवर होता, ज्यावर मी फटका मारला होता तोच. मी म्हणालो, "ती सही मी केली होती."

"हो, गिरवली होती ना."

"पहिलीसुद्धा. ते थांबलेच नव्हते. तू पुसलीस ती माझी होती."

विक्रेता प्रमाणपत्र पुन्हा पेटीत ठेवू लागला.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

तिने मान हलवली. मग विक्रेत्याला सांगितले, "याच बनावटीची साधी गिटार आणा. बिनसहीची." आणि मला म्हणाली, "बसा. दोन्ही वाजवा. आणि या वेळी खरं सांगा."

मी वाजवल्या. माझी फार इच्छा होती की साधी सरस निघावी. आवाजात म्हणावा तसा फरक नव्हता. पण सहीवालीची दांडी बारीक होती, मूठ सहज वळत होती. ज्याची सही होती त्या माणसाचे हात लहान असणार. माझ्या मुलीचेही लहान आहेत.

"ही घे," मी सिग्नेचर गिटारकडे बोट दाखवले. "दांडी तुझ्या हाताची आहे. सही फुकट आली समज."

"निदान कंपनीने केलीय," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने पेटी उघडून गिटार दिवाणावर ठेवली. स्वर लावून द्यावे म्हणून मी हात पुढे केला.

"हात लावू नका. सही पुसेल."

चेष्टा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिले. चेष्टा नव्हती. मी हात मागे घेतला.

आता रोज संध्याकाळी ती आतल्या खोलीत वाजवते. फोनमधल्या त्या दाढीवाल्याकडून शिकते. एक कॉर्ड तिला येत नाही. तिसरे बोट आडवे पडते आणि खालची तार दबून जाते. एवढीशी चूक आहे, मनगट जरा पुढे घेतले की सुटेल. त्या दाढीवाल्याला तिकडून ती दिसत नाही आणि दिसली तरी त्याला काय पडले आहे. मी उठून दारापर्यंत जातो आणि चौकटीशी उभा राहतो. ती मान वर करून बघते आणि पुन्हा तीच कॉर्ड लावते, चुकीची. आत या, असे अजून म्हणालेली नाही.