बोरस्ते सरांचं पान

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आताही आहे असं म्हणवत नाही. मी आणि माझा नवरा प्रसाद, आम्ही नाशिकरोडला नेटवर्किंगची कामं घेतो. आमच्या धंद्यात प्रत्येक बिघाडाला कारण असतं... ते सापडेपर्यंत शोधायचं, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात जवळच्याच एका कॉलेजच्या कम्प्युटर लॅबचं काम आलं. (नाव देत नाही.) सगळ्या डेस्कटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. तिथे इंटरनेट थेट येत नसे, एका सर्व्हरमधून यायचं — त्याला प्रॉक्सी म्हणतात. नको त्या साइट्स तिथेच अडायच्या. तो सर्व्हर लॅबच्या बोरस्ते सरांनी स्वतः उभा केलेला. सर दिवाळीनंतर हार्ट अटॅकने गेले, आणि पाठोपाठ सर्व्हरही बंद पडला. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जुन्या सर्व्हरची हार्ड डिस्क मात्र मीच काढली, आणि रिकामा डबा स्टोअररूममध्ये ठेवून दिला.

आम्ही नवीन प्रॉक्सी बसवला. आता प्रत्येक डेस्कटॉपला त्याचा पत्ता द्यायचा होता — नुसता ब्राउझरमध्ये नाही, अख्ख्या सिस्टिमला, म्हणजे अपडेटपासून टर्मिनलवर टाकलेल्या कमांडपर्यंत सगळं त्याच वाटेने जाईल. त्याआधी सगळी मशीन्स फॉरमॅट करून लिनक्स नव्याने टाकलं. दुपारपर्यंत एक रांग झाली. साइट्स अडवायचं फिल्टर जेवणानंतर लावायचं ठरलं होतं. प्रसाद जेवणाचा डबा आणायला घरी गेला.

तेवढ्यात एक मुलगी दारात आली. "मॅडम, नेट चालू झालं का? प्रोजेक्टचं बघायचं होतं थोडं."

मी तिला झालेल्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं आणि माझ्या कामाला लागले. थोड्या वेळाने ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"मॅडम... बोरस्ते सर कुठे बसतात?"

"का गं?"

"त्यांनी भेटायला बोलावलंय."

मी उठून तिच्या स्क्रीनपाशी गेले. पांढरं पान, त्यावर मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलेलं — "हे पान मी बंद ठेवलं आहे. काही त्रास असेल तर एकटं बसू नकोस. उठून माझ्याकडे ये. — बोरस्ते सर, कम्प्युटर लॅब."

वरच्या पट्टीत तिने काय शोधलं होतं तेही दिसत होतं. पोरगी जिवाचं बरंवाईट करायला निघाली होती.

"सर आत्ता नाहीयेत," मी कसंबसं म्हटलं. "मी आहे ना. बस इथे."

ती जी रडायला लागली... कळवणकडची, इथे हॉस्टेलला राहणारी. लॅबमध्ये पहिल्यांदाच आली होती, सर गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. कोणीतरी मुलगा फोटोंवरून धमकावत होता, घरी पाठवीन म्हणत होता. मी तिचा हात सोडला नाही. ऑफिसातल्या जाधव मॅडमना बोलावलं, त्यांनी तिच्या आईला फोन लावला.

प्रसाद आल्यावर मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"कॅशे असेल. जुनं पान साठून राहिलं असेल," तो म्हणाला.

"अरे, सकाळीच फॉरमॅट केलंय ते मशीन! आपण दोघांनी."

मग त्याने सेटिंग तपासली. पत्ता नवीन प्रॉक्सीचाच. नवीन प्रॉक्सीवर असलं पान शोधलं, नव्हतं. जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावर काही उत्तर देतंय का पाहिलं, तिथे कोणीच नव्हतं. शेवटी त्याने त्याच मशीनवर तोच शोध पुन्हा टाकला... आणि सगळं उघडलं. एकही पान अडलं नाही. त्याने घाईघाईने ते बंद केलं आणि जेवण बाजूला ठेवून आधी फिल्टर लावायला घेतलं.

मी जाधव मॅडमना त्या मजकुराबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "सरांचंच ते. आधी नुसतं 'परवानगी नाही' असं यायचं. सर म्हणाले, असल्या वेळी पोराला दटावून कसं चालेल? म्हणून स्वतः बसून बदललं होतं त्यांनी."

संध्याकाळी त्या मुलीची आई एसटीने आली. आल्या आल्या तिने मुलीला मिठीत घेतलं. पुढे त्या मुलावर पोलिसात तक्रार झाली, धमक्या थांबल्या. मुलगी आता बरी आहे, तिचं कॉलेज चालू आहे.

पण त्या संध्याकाळी निघताना आई मला म्हणाली, "ताई, ते सर कुठं हायेत? पाया पडते मी त्यांच्या."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सर दिवाळीनंतरच गेले, असं मी सांगून टाकलं.

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "पण मॅडम, मला तर त्यांनी आज दुपारी बोलावलं ना?"

प्रसादने मान खाली घातली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "हो गं. बोलावलं."