मापाच्या खोलीतलं बोलणं

लष्कराच्या मुख्यालयाच्या फाटकासमोर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे दोन मशिनं आणि पडद्याआड मापाची खोली. खोली कसली, एक आरसा, एक खुंटी आणि माणूस हात पसरून उभा राहील एवढी जागा. पण शिपायापासून लष्करप्रमुखापर्यंत सगळ्यांनी आपापले कोट त्या एकाच खुंटीला टांगले होते.

कोट उतरला की माणूस बोलायला लागतो, हा मास्तरांचा आयुष्यभराचा अनुभव. हात पसरलेले, हनुवटी वर, मास्तर टेप घेऊन पाठीमागे, त्यामुळे डोळ्याला डोळा नाही. अशा वेळी भलेभले अधिकारी, बायकोशी पटत नाही इथपासून ते वरचा साहेब गाढव आहे इथपर्यंत, सगळं ओकून मोकळे होत. मास्तर नुसतं "हं" म्हणत. लष्कराचे कपडे शिवणाऱ्यांचा तो जुना दंडकच होता, मापाच्या खोलीत ऐकलेलं मापाच्या खोलीत ठेवायचं. वडिलांनी हातात कात्री देण्याआधी मास्तरांना तो शिकवला होता. कोणाचा एक खांदा उतरता आहे, कोणाच्या छातीला आतून कापूस लावावा लागतो, हे मास्तरांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही. मागच्या मशिनजवळ बसून काजं-बटणं करणारी त्यांची बायको वैतागून म्हणायची, "अख्खं लष्कर तुमच्यासमोर कपडे उतरवतं आणि मला बातम्या कळतात भाजीवालीकडून."

त्यांना एकच मुलगा. घरी त्याला ढब्बू म्हणत, लहानपणी तो होताही तसाच गोल. गणवेशांच्या चिंध्यांत लोळून मोठा झालेला पोरगा, मास्तरांनी त्याला मशिनवर बसवून पाहिलं, पण त्याला गणवेश शिवायचा नव्हता, घालायचा होता. त्यानं तो घातला, आणि आता तो डोंगरमाथ्यावरच्या एका ठाण्यावर वायरलेस सांभाळत बसला होता.

त्या ठाण्याला जायला यायला एकच खिंड. हिवाळ्यात बर्फ बसलं की ती बंद, मग उन्हाळ्यापर्यंत वरचे वर आणि खालचे खाली. गेल्या हिवाळ्यात वर राहिलेल्यांपैकी बरेच जण पेटीतून खाली आले. गोळी कोणालाच लागली नव्हती, नुसत्या थंडीनं गेले. त्यांचे शेवटचे गणवेश मास्तरांच्याच दुकानात शिवले गेले. माप द्यायला अर्थातच कोणी आलं नव्हतं. मास्तरांनी फोटो बघून अंदाजानं कापड बेतलं होतं, आणि त्यातल्या एकाची कॉलर सैल झाली असावी ही रुखरुख त्यांना अजून होती. यंदा ढब्बू तिथे होता आणि फोनवर म्हणाला होता, "बाबा, भुरभुर सुरू झाली हं इथे."

अशात एका समारंभात लष्करप्रमुख कॅमेऱ्यांसमोर उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "त्या ठाण्यावर माणसं ठेवण्यात काडीचा अर्थ नाही. खिंड बंद व्हायच्या आत पोरांना खाली आणा, असं मी कधीपासून सांगतोय. पण सांगणार कोणाला? ज्यांनी ऐकायचं ते बहिरे आहेत."

मास्तरांच्या बायकोनं टीव्हीलाच हात जोडले. "देवमाणूस," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवता येईना म्हणून सुई मास्तरांकडे दिली. मास्तरांनाही ओवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्री सभागृहात उभे राहिले. "या देशात लष्कर हुकूम घेतं, देत नाही," ते म्हणाले, आणि बाकं वाजली. त्यावर प्रमुखांनी कुठल्याशा वर्तमानपत्राला मुलाखत दिली, त्यावर मंत्र्यांनी सभा घेतली. दोघेही इरेला पेटले. टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागली. पानाच्या टपरीवर निम्मे प्रमुखांचे आणि निम्मे मंत्र्यांचे झाले. कोणाच्या हातात देश असावा यावर जो तो तावातावानं बोलत होता, आणि खिंडीवर पडणाऱ्या बर्फाचं नाव काढायला कोणाला सवड नव्हती. बायकोनं टीव्ही लावणंच सोडलं.

त्याच आठवड्यात प्रमुख नव्या कोटाच्या ट्रायलला आले. कच्चे टाके घातलेला कोट अंगावर, हात पसरलेले, बोलणं आपलं चालूच. मंत्री कसा हटवादी आहे, फायली कशा दाबून ठेवतो. मास्तरांनी खांद्याला टाचणी लावली आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. ते ग्राहकाच्या समोर येऊन उभे राहिले.

"साहेब, माझा पोरगा त्या ठाण्यावर आहे."

प्रमुखांचे हात खाली आले. "आधी का नाही बोललात, मास्तर?"

"बोलायची पद्धत नाही, साहेब. पण आता राहवत नाही. तुम्ही एवढं बोललात, मग पोरं खाली का येत नाहीत?"

प्रमुख आरशात स्वतःकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी बोललो म्हणूनच येत नाहीत. बंद खोलीत अजून एकदा डोकं आपटलं असतं तर कदाचित मंत्र्याची सही मिळाली असती. आता त्यानं सही केली तर लोक म्हणणार, लष्करापुढे वाकला."

मास्तर खाली बसले आणि त्यांनी त्या मोठ्या माणसाच्या बुटांना हात लावला. "मग तुम्ही वाका, साहेब. एकदाच. पोरांसाठी."

माणूस वाईट नव्हता. त्यानं मास्तरांना दंडाला धरून उठवलं. मग म्हणाला, "हुकूम निघत असेल तर मी म्हणेन, जाहीर बोलायला नको होतं, चुकलो. पण आधी हुकूम. पोरं खाली पोचली की मग मी बोलेन. आणि हे या खोलीबाहेर जाऊ देऊ नका, मास्तर. माझं मी बघतो कोणामार्फत निरोप धाडायचा ते."

मास्तर "हं" म्हणाले. त्या "हं"वर आजवर सगळं लष्कर विसंबलं होतं.

आता दैव कसं ते बघा. मंत्र्यांचे बंद गळ्याचे कोटही मास्तरच शिवत. फरक एवढाच, की मंत्री दुकानात येत नसत, मास्तरांना बंगल्यावर बोलावणं यायचं. प्रमुखांनी निरोप धाडला का, कोणाबरोबर धाडला, मास्तरांना कळायला मार्ग नव्हता. फाटकावरचा पहारेकरी सांगत होता की खिंडीत गुडघाभर साचलंय. ढब्बूचा फोन लागत नव्हता. बायको रात्रंदिवस एकच काज उसवत होती आणि पुन्हा घालत होती. अशात बंगल्यावरून गाडी आली.

टाचण्या लावलेला कोट अंगात घालून मंत्र्यांनी हात पसरले आणि तेही बोलायला लागले. "लोकांना वाटतं मी कसाई आहे. मास्तर, मलाही नातवंडं आहेत. या माणसानं माझ्यासमोर खुर्चीत बसून मागितलं असतं तर त्याच दिवशी सही दिली असती. पण गावभर माझी लाज काढल्यावर मी काय करू? उद्या उठून कोणीही सेनापती कॅमेऱ्यासमोर उभा राहील आणि सरकार चालवील."

म्हणजे दोघांनाही पोरं खाली यायला हवी होती. हे कळलेला जगात एकच माणूस होता, आणि त्याच्या हातात टेप होता. मास्तरांच्या मनात आलं, एक वाक्य बोललो की ढब्बू घरी. वडिलांचा दंडक आठवला नाही असं नाही, चांगला आठवला. पण पोरगा बर्फात असताना दंडक कोण चाटत बसणार?

"साहेब, ते माघार घ्यायला तयार आहेत," मास्तर म्हणाले. "तुम्ही फक्त हुकूम काढा. पोरं खाली आली की ते स्वतः चूक कबूल करतील."

मंत्री गर्रकन वळले. एक टाचणी त्यांना टोचली, पण त्यांना पत्ता नव्हता. "कोण म्हणालं?"

"ते स्वतः. माझ्यासमोर. पण साहेब, हे कुठे..."

"मास्तर, डोक्यावरचा डोंगर उतरवलात," मंत्री म्हणाले आणि त्यांनी मास्तरांना चक्क मिठी मारली. आणि शब्द पाळला, तेवढं मात्र खरं. त्याच दिवशी तोंडी हुकूम गेला, गाड्या खिंडीच्या पायथ्याला जाऊन लागल्या. पहारेकऱ्यानं धावत येऊन दुकानात सांगितलं. बायकोनं भिंतीला डोकं टेकलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून ढब्बूची गादी उन्हात टाकायला गेली. मास्तरांनी तिला काही सांगितलं नाही, पण त्यांची छाती अशी काही फुगली होती की त्यांच्याच सदऱ्याचं बटण तुटायचं.

पण मंत्र्याच्या पोटात ते वाक्य राहतंय कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी सभा होती. पोरं अजून वरच होती, गाड्या नुसत्या लागल्या होत्या. मंत्री बोलता बोलता रंगात आले आणि म्हणाले, "ज्यांनी आम्हाला बहिरं म्हटलं त्यांनी आता गुपचूप निरोप पाठवलाय, की आमचं चुकलं." सभा हसली. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका टाळीसाठी, दुसरं काही नाही. मेल्याला आणखी एक दिवस कळ काढवली नाही.

दुपार व्हायच्या आत प्रमुख मुख्यालयाच्या फाटकात कॅमेऱ्यांसमोर उभे होते, मास्तरांच्या दुकानाच्या अगदी समोर. चेहरा लालबुंद. "मी कोणाला निरोप पाठवलेला नाही. मधल्या मध्ये कोणी दलाली केली असेल तर तो त्याचा धंदा. मी एक अक्षर मागे घेणार नाही. हे सरकार माझ्या पोरांच्या जिवावर टाळ्या मिळवतंय." मास्तर काउंटरवर दोन्ही हात टेकून ऐकत होते.

संध्याकाळी प्रमुखांना काढलं. त्यांच्या जागी आलेला नवा प्रमुख शहाणा, म्हणजे तोंड न उघडणारा. त्याला पहिलं काम सांगितलं गेलं ते ठाणं राखायचं, कारण आता ते सोडलं असतं तर काढलेला माणूस खरा ठरला असता. गाड्या रिकाम्याच परतल्या. त्यानंतर बर्फ लागलं ते थांबलंच नाही आणि खिंड बंद झाली.

जुने प्रमुख साध्या शर्टात दुकानात आले. कोट न्यायला आले असावेत असं वाटून मास्तर आत वळले, तर ते म्हणाले, "राहू द्या. मी ते एकाच माणसाला बोललो होतो, मास्तर." मास्तरांनी मान वर केली नाही. "माझ्या माणसाला मंत्र्याच्या सचिवाची वेळ मिळाली होती. एका दिवसाचा प्रश्न होता." मग जाता जाता थांबले आणि म्हणाले, "तुमचा पोरगा आहे वर. मी तुम्हाला काय बोलू?" चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायकोनं मागे बसून सगळं ऐकलं होतं. ती भांडेल, कपाळ बडवील, असं मास्तरांना वाटलं. ती उठली, ढब्बूसाठी घातलेली गादी गुंडाळून ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही बोलला नसतात तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. पुढे कधीच केलं नाही. मास्तर रोज ते स्वतःच पुरं करत, मशिन चालवताना, जेवताना, तोंड धुताना. दोन हट्टी माणसं भांडली, एकानं जीभ सैल सोडली, हे सगळं त्यांना कळत होतं. पण ते दोघे त्यांचे कोणी लागत नव्हते. ढब्बू लागत होता.

बर्फ बसलं की बॅटरी जपायची म्हणून वरून घरी फोन करणं बंद होई, पण ते बंद करताना प्रत्येकाला एकेक शेवटचा फोन मिळे. ढब्बूचा आला तेव्हा दोघे दुकानातच होते. आवाज खरखरत होता. आई कशी आहे, मशिनला तेल घातलं का, इकडचं तिकडचं विचारून झालं. मग तो म्हणाला, "बाबा, तुमच्याकडे सगळे साहेब येतात. तो दलाल कोण होता कळलं का हो? इथे पोरं रोज त्याच्या नावानं बोटं मोडतात. आम्ही पिशव्या भरून बसलो होतो, बाबा. खाली गाड्या दिसत होत्या."

बायकोनं जोरजोरात मान हलवली, नका सांगू. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी होतो," ते म्हणाले.

"काय?"

"तो मी होतो, ढब्बू. मी सांगितलं मंत्र्यांना. तू खाली यावास म्हणून सांगितलं."

मग ढब्बू खो खो हसायला लागला. "ए, ऐका रे, आमचे बाबा म्हणतायत तो दलाल मीच. अहो बाबा, तुम्ही? मंत्र्यांना? तुमच्यानं कोणाचं काही सांगवेल तरी का?" मागून आणखी कोणी कोणी हसले, कोणीतरी "दलालसाहेब, नमस्कार" म्हणून ओरडलं, हसता हसता एकाला खोकल्याची उबळ आली. "बरं केलंत, बाबा. किती दिवसांनी हसलो सगळे."

"अरे, खरंच सांगतोय," मास्तर म्हणाले, पण तो ऐकत नव्हता. फोन बंद झाला तेव्हा वर पोरं हसतच होती.