ड्रोनला ऐकू येत नाही

घरचे मला संशयी म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. दूध घेताना मी पातेल्यात बोट बुडवून बघते. ऑटोवाला 'ताई, इकडून जवळ पडते' म्हणाला की मी मुद्दाम तिकडून घ्यायला लावते. पण माझंही ऐकून घ्या. जन्म लग्नांचे व्हिडिओ काढण्यात गेलेल्या बाईनं दुसरं काय व्हावं? अमरावतीत माझा छोटासा स्टुडिओ आहे. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की लोक मला विसरतात आणि मग खरे वागतात. व्याह्यांची गळाभेट झाल्यावर दोघांचे चेहरे कसे पडतात, ते मांडवात फक्त मला दिसतं.

ड्रोन घेतल्यापासून तर ही खोड आणखी वाढली. वरून चेहरे धड दिसत नाहीत, हात मात्र दिसतात. आणि चेहऱ्याला जसं खोटं बोलता येतं तसं हातांना येत नाही. एक उणीव तेवढी आहे. ड्रोनच्या पंख्यांची घरघर इतकी असते की त्याला माइक देऊन उपयोगच नसतो, म्हणून तो देतही नाहीत. तो बघतो, ऐकत नाही. आवाजाच्या जागी आम्ही नंतर गाणं घालतो.

गेल्या हिवाळ्यात एक जोडपं लग्नाआधीच्या शूटिंगसाठी स्टुडिओत आलं. मुलगी चांदूर रेल्वेकडच्या एका खेड्यातली, अमरावतीत कोचिंग क्लासला गणित शिकवायची. मुलगा अकोल्याचा, शेतीच्या औषधांचं दुकान असलेला. दिसायला देखणा आणि बोलणं असं की साखर पेरत चालल्यासारखं. मला आल्या आल्या 'ताई' म्हणाला. पहिल्या भेटीत ताई म्हणणाऱ्यांकडे मी जरा नीटच बघते.

त्याला व्हिडिओ पाण्यावरच हवा होता. मोर्शीकडच्या धरणाच्या मागच्या पाण्यात, चालत्या डोंग्यात, आणि ड्रोन वरून सोबत उडतोय असा.

"मले पाण्याची लय भीती वाटते," मुलगी म्हणाली. "संत्र्याच्या बगिच्यात करू ना. तिकडंच तर आहेत बगिचे."

तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून हसला. "म्हणूनच तर पाण्यात करायचं ताई. भीती मोडून टाकायची तिची."

मी काम लिहून घेतलं, पण मनात म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही काठावर पोचलो तर तिथं संशयाची जत्राच भरलेली. मुलीसोबत तिची मामी आली होती, पाळतीवर. तिनं माझी पेटी वरखाली न्याहाळली.

"हे मशीन कोन चालवते? तुमचे मिस्टर?"

"मीच चालवते."

"तुमीच?" म्हणाली, आणि त्यानंतर माझ्या बाजूनं हललीच नाही. माझ्या हातातल्या स्क्रीनमध्ये भाचीचं काही भलतंसलतं दिसू नये म्हणून असेल.

डोंगेवाला भोई त्याहून वरताण. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. ड्रोन बघून त्यानं डोंगा बांधलेली दोरी पुन्हा घट्ट केली.

"ताई, वरतून काय काय पाहाते हे? माह्ये जाळे दिसतीन ना याच्यात. उद्या कोनी दुसराच येऊन उचलून नेईन."

त्याचं चुकीचं नव्हतं. जाळी कुठं टाकली हे भोई सख्ख्या भावालाही सांगत नाही. खूण म्हणून पाण्यावर थर्माकोलचे मळके तुकडे सोडतात, ते ज्याला कळतात त्यालाच कळतात. मी त्याला स्क्रीन दाखवली, ड्रोन थोडा वर नेऊन आणला, आणि थर्माकोल दिसेल तिकडे कॅमेरा वळवणार नाही असा शब्द दिला. त्यानं स्क्रीन पुन्हा एकदा निरखली. मग म्हणाला, "पाहा बाप्पा. तुमच्या भरवशावर." दोन संशयी माणसांचं लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे.

जॅकेटवरून माझं नवरदेवाशी वाजलं. जीव वाचवायची ती केशरी जॅकेटं त्याला फोटोत घाण दिसतात म्हणून नको होती. मी म्हटलं, केशरी तर केशरी, जॅकेटाशिवाय ड्रोन उडणार नाही. तो लगेच हसून 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाला. इतक्या लवकर ऐकणारा माणूसही मला आवडत नाही.

चालत्या डोंग्याचं चित्रण दिसतं तितकं सोपं नसतं. जमिनीवर ड्रोनला आपली उंची कळते. हलत्या पाण्यावर त्याची फसगत होते, तो हळूहळू खाली बसत जातो. म्हणून नजर एक क्षण काढता येत नाही. डोंग्याच्या मागून गेलं तर पाठी दिसतात, समोरून गेलं तर वल्हं मारणाऱ्याला बिचकायला होतं. मी ड्रोन बाजूनं तिरका चालवत होते. पाणी स्वच्छ, ऊन कोवळं, मामी शेजारी. मुलगी डोंग्याच्या मधोमध अंग चोरून बसलेली, पण हळूहळू सैल झालेली. एकदा तर तिनं पाण्यात बोटं बुडवली. मला बरं वाटलं. म्हटलं, आपलाच संशय वेडा.

आणि तो उभा राहिला.

आधी मला वाटलं पोझ देतोय. त्यानं दोन पाय दोन बाजूंना रोवले आणि भार डावीकडे टाकला, मग उजवीकडे. डोंगा एका अंगावर गेला, परत दुसऱ्या अंगावर. मी ड्रोन वर घेतला आणि नीट खाली बघितलं. मुलीचा एक हात डोंग्याची कड धरून होता. दुसरा वर, पंजा उघडा, त्याच्या दिशेनं. तो आणखी जोरात हलवत होता.

"थट्टा करून राहिले नवरदेव," मामी कौतुकानं म्हणाली.

मी त्याच्या मोबाइलवर फोन लावला. तो खिशात वाजत असणार, त्यानं काढला नाही. काठावरून मी ओरडले तेही तिथवर पोचणं शक्य नव्हतं. माझ्या हाती एकच गोष्ट होती, ड्रोन. तो मी सरळ त्याच्या समोर खाली आणला. कॅमेरा येताना दिसला तसा तो थांबला. बसला, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्यात बघून छान हसला. भान सुटून मस्ती करणारा माणूस असा क्षणात थांबत नाही.

काठाला लागल्यावर मुलगी उतरली आणि दगडावर जाऊन बसली. ओठ पांढरे पडलेले. नवरदेव म्हणाला, "अजून एक चक्कर मारू ताई, आत्ता कुठं मजा आली."

डोंगेवाला दोरी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "आता नाई. वारा सुटून राहिला."

काठावरच्या बाभळीचं पान हलत नव्हतं. माझ्या रिमोटवर वाऱ्याची सूचना यायला हवी होती, तीही नव्हती. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. वारा नाही हे दोघांनाही माहीत होतं. "हो, वारा आहे," मी म्हटलं आणि ड्रोन पेटीत भरला.

निघताना पाहुण्यांना स्टेटसला ठेवायला एखादा छोटा तुकडा द्यायची आमच्या धंद्यात रीत आहे. नवरदेवानं नेमका तोच मागितला, डोंगा हलवतानाचा. बाकी एवढं सुंदर काढलेलं सोडून हाच कशाला? मी दुसरा देऊ केला, तर म्हणाला, "तोच द्या ताई, तिले आठवण राहीन." रीत होती, गिऱ्हाईक होतं. दिला, पण पूर्ण चित्रण माझ्याकडं राखून ठेवलं.

दोन दिवसांनी त्याची रील माझ्या मोबाइलवर आली, त्यानंच कौतुकानं पाठवलेली. तुकडा त्यानं संथ केला होता आणि वर प्रेमाचं गाणं चढवलं होतं. संथ केलं की काहीही गोड दिसतं, हे आमच्या धंद्यातलं जुनं औषध आहे. कलंडणारा डोंगा नुसता लाटेवर डुलल्यासारखा दिसतो, घट्ट धरलेली कड नाजूक वाटते. थांबवायला उचललेला पंजा नाचाच्या हातवाऱ्यासारखा लाटेवर तरंगतो. खाली नातेवाइकांनी बदाम टाकलेले. मामीनं लिहिलं होतं, पोट्टी किती खुश दिसते. मी मोबाइल पालथा ठेवला. असला राग मला कधीतरीच येतो.

त्यानंतर एका दुपारी मुलगी स्टुडिओत आली. अल्बमचे फोटो निवडायचेत म्हणाली. अल्बमचे फोटो निवडायला मुली एकट्या येत नाहीत, पलटण घेऊन येतात. मी काही विचारलं नाही, चहा सांगितला.

चहा निवला तरी तिनं कप उचलला नव्हता. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? त्या दिवशी डोंगा खरंच हलला होता का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"ते म्हणतात, हललाच नव्हता. मी घाबरट आहे म्हणून मले तसं वाटलं. मामीही म्हणते काही नव्हतं झालं. आई म्हणते, रीलमध्ये तर तू हसून राहिली. आता मलेच वाटते का माह्याच डोक्यात काही आहे. परवा वर्गात फळ्यावर साधा गुणाकार केला, अन् तोही परत परत तपासून पाहिला."

मी आयुष्यभर जगावर संशय घेतला, पण स्वतःच्या डोळ्यांवर कधी घेतला नाही. या मुलीवर सगळ्यांनी मिळून तीच पाळी आणली होती, आणि लग्न अजून लागायचं होतं. ती चहा घ्यायला नव्हती आली. आपण वेडे नाही एवढंच तिला कुणाकडून तरी हवं होतं.

मी सांगितलं असतं. पण सांगणारे तिला भरपूर होते. मी म्हटलं, "मी काही बोलत नाही. तूच बघ. गाणं नाही, संथ नाही, झालं तसं."

"थांबा ताई. बाबा खाली गाडीपाशी उभे आहेत. त्यायलेही बोलावते."

बाप आला. काळ्या मातीतला माणूस, चपला दाराबाहेर काढून आत आला आणि खुर्ची देऊनही तिच्या टोकावरच बसला. मी मोठ्या स्क्रीनवर लावलं. संथ न करता ते फार थोडा वेळ चालतं, आणि अजिबात गोड नसतं. डोंगा पाणी आत घ्यायच्या बेतात एका कडेवर जातो. मुलगी बसल्या जागी कडेवर आपटते. माझं लक्ष नेहमी तिच्या हातांकडे जायचं. तिचं दुसरीकडेच गेलं.

"मागं घ्या," ती म्हणाली. "डोंगेवाले काका दाखवा."

मी मागं घेतलं. टोकाला बसलेल्या भोयानं वल्हं आत ओढून घेतलं होतं आणि डोंग्याच्या तळाशी बसून दोन्ही हातांनी दोन्ही कडा आवळून धरल्या होत्या. जन्म पाण्यावर गेलेला माणूस, पण त्यानंही जीव मुठीत धरलेला.

"काकाबी भ्यायले होते," ती म्हणाली. मग परत एकदा, जरा मोठ्यानं, "काकाबी भ्यायले होते, बाबा." आणि तिला रडू आलं. इतक्या दिवसांचं असावं. मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवला.

बाप खुर्चीच्या टोकावरून आणखी पुढं झुकला. स्क्रीनवर चित्र थांबलेलं, त्याच्या मुलीचा पंजा हवेत.

"याले आवाज नाई काय?" त्यानं मला विचारलं.

"नाही भाऊ. ड्रोनला ऐकू येत नाही."

तो खुर्चीत मुलीकडे वळला. "तू काय म्हनत होती तवा?"

तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"थांब म्हणून राहिली होती, बाबा."

त्यानं सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढून तिच्या हातात दिला. जवळचा चष्मा तो घरी विसरून आला होता.

"मंग आपन थांबवू," तो म्हणाला. "अकोल्याचा नंबर लावून दे मले."