कुंभार्ली घाटातली फांदी

आमच्या खंडोबानं मला फसवलं. चार वर्षं मी हे वाक्य सांगलीच्या पेठेत कुणाचीही भीड न ठेवता बोलत होतो. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा मी पाच रविवार कराडहून पालीला अनवाणी चालत गेलो, चांदीचा घोडा वाहिला. लोक नवस काम झाल्यावर फेडतात, मी आधीच फेडला. सहाव्या रविवारी ती गेली. माल आधी पोचता करावा आणि समोरच्यानं हात वर करावेत, तसं झालं. मी हमालीपासून सुरुवात करून हळदीचा व्यापारी झालेला माणूस. असा व्यवहार मी कुणाचा सहन केला नव्हता, देवाचा तरी का करावा? माझ्या हळदीचा भंडारा होऊन तो गावोगावच्या कपाळांना लागत होता, माझं कपाळ मात्र मी कोरडं ठेवलं.

लढाईचे दिवस होते. चिपळूणहून जावयाचं पत्र आलं. लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं, पायांवर सूज होती, डॉक्टरांचा चेहरा बरा दिसत नव्हता आणि ती सारखी ‘आबांना बोलवा’ म्हणत होती. खरं तर पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं, पण घरात बाईमाणूस नाही म्हणून मी आणलं नव्हतं. ते मनाला लागलं होतंच. पेट्रोलअभावी मोटारी बंद. मी सायकल काढली. ब्रेकचे रबर झिजले होते आणि नवे मिळणं मुश्कील. दुकानदाराशी मी अशी घासाघीस केली की त्यानं वैतागून जुन्या मोटारीच्या टायरचे तुकडे कापून बसवले आणि म्हणाला, “सपाटीला चालतील, घाटात उतरून चालत जावा.” मला वाटलं, हा आता पुन्हा भाव वाढवायला बघतोय.

पहिला मुक्काम पाटणला ओळखीच्याकडे केला. वाटेत मल्हारपेठ लागली, तेव्हा मान वर न करता पायडल मारत राहिलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. कोयनेच्या काठानं रस्ता वळणं घेत चढत होता, दोन्ही अंगांना डोंगर पुढे सरकत होते आणि मांड्या भरून आल्या होत्या. हेळवाकच्या पुढे चढ इतका की सायकल ढकलतच नेली. घाटमाथ्यावर एक चहाची टपरी होती, आणि पलीकडे करवंदीच्या जाळीशी एक म्हातारी वाळक्या फांद्यांचा ढीग घेऊन बसली होती. मी चहा पीत होतो तोवर तिनं उठून, न विचारता, एक पुरुषभर लांब, मनगटाएवढी जाड फांदी दोरीनं माझ्या कॅरिअरला बांधायला घेतली.

“आजी, हे काय?”

“घाट उतरायचा न्हवं? फांदी मागं घासत ऱ्हाती, सायकल पळत न्हाई. समदे सायकलवाले बांधत्यात. कुनाकडं निघालायस?”

“लेकीकडं.”

“मग दोन गाठी जास्त मारते,” म्हणाली.

तेवढ्यात टपरीवाला हसला. “सावकार, म्हातारीनं तुमाला बी जुंपलं म्हना की! तिची लेक खाली पोफळीत ऱ्हाती, पायानं अधू हाय. वर चढून लाकूड न्यायाला येत न्हाई तिला. समद्या सायकलवाल्यांच्या पाठीवर आजी जळण धाडती.”

माझं डोकंच फिरलं. म्हणजे माझ्या सायकलीनं, माझ्या पायांनी, हिचं जळण फुकटात वाहायचं, आणि वर उपकार माझ्यावर! मी तिला नको ते बोललो. लबाड म्हणालो, लाकूडचोर म्हणालो. तिनं गाठ आवळायचं थांबवलं नाही.

“माझी वाहतुकीची मजुरी काय?” मी ओरडलो.

“लेका, मजुरी खाली मिळंल,” ती म्हणाली. “आन् सोडायची आसंल तर सोड, पर पयल्या वळनाच्या आदी सोडू नगंस.”

मी तावातावानं निघालो. पहिलं वळण पार झालं की दोरी कापायची, असं ठरवून चाकू खिशात वरच ठेवला होता. पण वळणाच्या आधीच पुढचा ब्रेक दाबला आणि रबराचा तुकडा निसटून उडाला. मागचा दाबला, तो नुसताच घासत राहिला. उतार तीव्र, डावीकडे दरी. फांदी मागे खडखडत होती, तरी सायकल वेग घेत होती. त्या क्षणी मला बायको आठवली नाही, व्यापार आठवला नाही. ‘पोरगी वाट बघतेय’ एवढंच डोक्यात होतं, आणि चार वर्षं फक्त दोष द्यायला घेतलेलं देवाचं नाव हाकेसारखं तोंडातून निघालं. वळणावर फांदी कठड्याच्या दगडात अडकली, सायकलीला मागून हिसका बसला आणि मी रस्त्यावर आपटलो. सायकलचं पुढचं चाक कठड्याबाहेर हवेत फिरत होतं. दोन गाठी जास्त होत्या म्हणून दोरी सुटली नाही. एवढंच मला दिसलं, तेवढंच सांगतो.

सायकल रस्त्यावर ओढून घेतली. मग फांदी सोडवली, पुन्हा बांधली आणि सायकल हातात धरून सगळा घाट चालत उतरलो. पोफळीत त्या अधू बाईच्या दारात फांदी टाकली. तिनं तांब्याभर पाणी दिलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. मजुरी मागायची मला आठवणसुद्धा झाली नाही.

चिपळूणला पोचलो तेव्हा लेक खाटेवर बसली होती. मला पाहून ती आधी घाबरली, मग तिचे डोळे भरले. “आबा, देवाला जाऊन आलासा? आई गेल्यावर पयल्यांदाच तुमच्या कपाळाला भंडारा बघतिया.” मी कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाला दाखवायला हळदीच्या नमुन्याची पुडी मी नेहमी सदऱ्याच्या खिशात ठेवतो. पडताना ती फुटली होती आणि छाती, गळा, कपाळ सगळं पिवळं झालं होतं. ‘नाही’ म्हणायला जीभ उचलेना. “व्हय,” म्हणालो. चौथ्या दिवशी तिची सुटका झाली. नात झाली, दोघी सुखरूप.

परतताना घाट चढून म्हातारीकडे गेलो. पाया पडलो, म्हणालो, “आजी, त्या दिवशी मी शिव्या दिल्या.” ती म्हणाली, “कवा? मला कमी ऐकू येतं बाबा. लेकीला लाकूड पोचलं न्हवं?” बस्स. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तेवढंही तिनं दिलं नाही.

तिथून तडक पालीला गेलो. बायको का गेली, याचं उत्तर मला तिथंही मिळालं नाही, आणि आता ते मी मागतही नाही. पण देवा, एक हिशेब तुझ्याकडे उरलाय. लेकीसाठी जळण धाडणाऱ्या बाईला मी चोर म्हणालो, माझ्या लेकीला खोटंच ‘व्हय’ म्हणालो, आणि तुला चार वर्षं भर पेठेत फसवा म्हणालो. ती बाई विचारत नाही, लेक विचारत नाही. इतकी वर्षं मी तुला जाब विचारला, आता तू मला विचार. गप्प बसू नकोस. जाब द्यायला मी उभा आहे.